तक्त्यावरची मुलगी

सर, ड्रिलिंग मशीनमागच्या भिंतीवरचा तुमचा तक्ता मी उतरवला. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तेव्हा हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याचा प्रश्न नाही. पण तुमच्या हाताखाली शिकलेल्यांना तुम्हाला न विचारता साधा पानासुद्धा जागेवरून हलवायची सवय नव्हती, आणि माझी ती सवय अजून गेलेली नाही. म्हणून सांगते आहे. स्क्रू गंजून पत्र्याला चिकटले होते. स्क्रू-ड्रायव्हर लागेना, शेवटी छिन्नीनं त्यांची डोकी उडवावी लागली. तुम्ही बसवलेली गोष्ट सहज निघत नाही.

मी आता तुमच्याच जागेवर आहे. आपल्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची निदेशक. लोखंड कापायचं, घासायचं, भोकं पाडायची, भागाला भाग जुळवायचा, हे सगळं त्याच शेडमध्ये, त्याच बाकांवर मी शिकवते. तुम्ही पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवलेले तक्ते परवापर्यंत भिंतीवर होते. कानस कशी धरायची, करवत कशी चालवायची, छिन्नीवर हातोडा मारताना नजर कुठं ठेवायची. प्रत्येक तक्त्यावर निळ्या कपड्यांतला तोच माणूस, बाजूला भांग पाडलेला, मिशी थोडी तुमच्यासारखी. फक्त ड्रिलिंगच्या तक्त्यावर मुलगी. तिची वेणी मशीनच्या ड्रिल धरणाऱ्या फिरत्या चकमध्ये अडकलेली, मान वाकडी, तोंड उघडं. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘निष्काळजीपणा टाळा’. ती मुलगी कोण, हे आपल्या दोघांना ठाऊक होतं.

मी आले तेव्हा फिटरच्या वर्गात एकटी मुलगी होते. मखमलाबादच्या पुढं आमचा मळा, टोमॅटो आणि झेंडूचा. आई म्हणाली होती, ‘लोखंड घासून काय करायचं हाय तुला? शिवण शिक, घरी बसून काम मिळंल.’ माझे वडील, दादा, मार्केटला माल टाकून तसेच, टेम्पोतून उतरून, तुम्हाला बघायला आले. तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि त्यांना म्हणालात, ‘सूट मिळणार नाही. त्रासही होणार नाही.’ दादा घरी येऊन आईला म्हणाले, ‘माणूस बरा हाय. कमी बोलतो.’ माझा प्रवेश एवढ्यावर पक्का झाला.

सूट खरंच मिळाली नाही. पहिले कित्येक दिवस मी लोखंडाचा एकच तुकडा घासत होते आणि तो सपाट होत नव्हता. कडा उतरायच्या, मध्ये फुगवटा राहायचा. तुम्ही काटकोनी गुण्या लावून तो तुकडा खिडकीकडे धरता, कडेच्या फटीतून उजेड दिसतो, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणता, ‘समोर चित्र लावलंय ते शोभेला नाही. त्यात बघ आणि तसं उभं राहा.’ मी बघते. चित्रातल्या माणसाचा डावा पाय पुढं, माझाही पुढं. त्याची पाठ सरळ, माझीही सरळ. त्याचं कोपर तुकडा पकडणाऱ्या व्हाईसच्या उंचीला, माझं कोपर मात्र पार खाली. ते मला दिसत होतं, पण चित्र चुकलं असेल असं मनातही आलं नाही. मीच चुकीची आहे एवढंच वाटलं. त्या दिवशी मी बसमध्ये रडले आणि आईला सांगितलं की डोळ्यात कण गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही आलात. माझं कोपर धरलंत, त्याला स्टीलची पट्टी लावलीत आणि व्हाईसकडे बघत राहिलात. मग निघून गेलात. त्यानंतर माझ्या बाकापाशी पायाखाली घ्यायला लाकडी फळ्यांचा एक पाट आला. तुम्ही तो स्वतः ठोकला होता. त्यावर उभी राहिले आणि त्याच आठवड्यात माझा तुकडा सपाट झाला. कानशीच्या, म्हणजे फायलिंगच्या, तक्त्याखालीही तुम्ही ब्रशनं एक ओळ वाढवलीत, ‘व्हाईस कोपराच्या उंचीला हवा. उंच पडल्यास पायाखाली पाट घ्यावा.’ वर्गातली दोन बुटकी मुलं माझ्याइतकीच त्रासलेली होती हे तेव्हा कळलं. तीही पाट मागायला लागली. चित्रातला माणूस मात्र तसाच उंच राहिला.

मग ड्रिलिंग आलं. मी भोक पाडते आहे, वर आलेला लोखंडाचा चुरा ब्रशनं झटकायचा सोडून फुंकायला वाकते, आणि वेणी खांद्यावरून पुढं येते. पुढं काय होतंय हे मला कळायच्या आत मशीन थांबलेलं असतं. तुम्ही मेन स्विच खाली ओढलेला आहे आणि तुमचा हात अजून त्यावरच आहे. वेणीच्या टोकात आणि चकमध्ये बोटभर अंतर. तुम्ही ओरडत नाही. थोड्या वेळानं म्हणता, ‘तुझ्या वडिलांना मी शब्द दिलाय. उद्यापासून अंबाडा, वर टोपी.’ तुमचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पुढच्या सोमवारी तो तक्ता भिंतीवर आला. मुलं हसली, कुणीतरी माझं नाव घेतलं. आणि सर, मला आनंद झाला होता. आमच्या घरात कुणी माझा फोटोसुद्धा काढला नव्हता, आणि इथं कुणीतरी माझं चित्र रंगवलं होतं.

अंबडच्या कारखान्यात मी बरीच वर्षं काढली, मग परीक्षा देऊन निदेशक झाले. तोवर तुम्ही गेला होतात. वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा शिरले तेव्हा तक्ते बघूनच धीर आला. दर वर्षी मी त्यांच्याखाली उभी राहून शिकवलं. दर वर्षी मुली थोड्या वाढल्या, आणि दर वर्षी त्या व्हाईसच्या बाकांवर आणि मोजमापाच्या टेबलापाशीच दिसायच्या. मशीनवर मुलं. मी कुणाला अडवत नव्हते, त्यांनी आपापसात पाळ्या वाटून घेतलेल्या असायच्या. मला वाटायचं, मुलींना बारीक काम आवडतं. कंपन्यांची माणसंही मुलाखतींना आली की तसंच म्हणायची.

यंदा पेठ तालुक्याकडची एक मुलगी आली. तिचा हात इतका स्थिर, की पहिल्याच महिन्यात तिचा तुकडा उजेडाला धरला आणि उजेड दिसला नाही. तिच्या ड्रिलिंगच्या पाळीला मात्र नेहमी दुसराच कुणी मशीनवर असायचा. ती त्याचा तुकडा घासून द्यायची, तो तिची भोकं पाडून द्यायचा. चाचणीच्या दिवशी हे उघड झालं. मशीनसमोर ती हात मागं बांधून उभी राहिली, आणि नंतर अर्ज घेऊन ऑफिसात आली, म्हणाली, ‘मॅडम, मला शिवणाच्या ट्रेडला बदलून मिळंल का?’

‘मशीनची भीती वाटते?’

‘नाय मॅडम. काकाची भाताची गिरण हाय. पट्टा मीच चढवते.’

‘मग काय झालं?’

तिनं ऑफिसच्या काचेतून हनुवटीनं तक्त्याकडे दाखवलं. ‘माझी पाळी आली का सगळे आधी तिकडं बघतात, मग माझ्याकडं. म्हणतात, हिचं चित्र आधीच लावून ठेवलंय. मला तक्तेवालीच म्हणतात. एवढ्या तक्त्यांवर सगळे बाप्ये नीट काम करतात, मॅडम. एकच बाई हाय नि तीच अडकली. ते डोक्यात येतं नि हात कापतो.’

मी तिला अर्ज परत दिला आणि महिनाभर थांब म्हणाले. ती गेल्यावर शेडमध्ये जाऊन तुमचे सगळे तक्ते एकेक करून बघितले. ते मला पाठ आहेत असं मी समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते नव्यानं आलेल्या मुलीसारखे बघितले. कानस धरणारा तो. करवत चालवणारा तो. मोजणारा तो. आणि मी, तोंड उघडं टाकून. व्हाईसच्या बाकांशी गोळा होणाऱ्या माझ्या एवढ्या वर्षांतल्या मुली मला आठवल्या. त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

आपले प्राचार्य म्हणजे माझ्याच बॅचचा तुमचा लाडका विद्यार्थी. आसपासच्या आयटीआयसाठी वर्कशॉपचं नवं पुस्तक करायचं काम त्याच्याकडे होतं. तुमच्या तक्त्यांचे फोटो काढून पानापानावर छापायचे आणि पुस्तक तुम्हाला अर्पण करायचं, अशी त्याची कल्पना. मी केबिनमध्ये जाऊन म्हणाले, हे तक्ते असे छापू नकोस.

त्याला आधी चेष्टाच वाटली. ‘सरांचे तक्ते? आणि हे तू म्हणतेस?’

‘ड्रिलिंगचा तर भिंतीवरूनही उतरवायचा आहे. बाकीचे नव्यानं करू. त्यात मुलीही काम करताना दिसल्या पाहिजेत.’

‘मग कव्हरवर टाकू की एक मुलगी. हेल्मेट घातलेली, हसरी.’

‘कव्हरवर नको. व्हाईसपाशी पाहिजे.’

तो खुर्चीत मागं टेकला. ‘आणि उद्या खरंच एखादीचे केस अडकले तर? चौकशीला काय सांगू मी, मॅडमना चित्र आवडत नव्हतं?’

प्रश्न बरोबर होता. तुम्हीही हेच विचारलं असतं. मी त्याला उठवून वर्कशॉपच्या दारात नेलं. ‘मुलांचे केस बघ,’ म्हटलं. ‘मानेच्या खाली आलेत. गळ्यात दोरे आहेत, मनगटात कडी आहेत. मी रोज सांगते आणि ते रोज विसरतात, कारण तक्त्यावर मुलगी आहे. त्यांना वाटतं हे आपल्यासाठी नाहीच. मुली घाबरतात आणि मुलं बिनधास्त राहतात. दोन्हीकडून धोकाच आहे.’

मी त्याला तुम्ही फायलिंगच्या तक्त्याखाली वाढवलेल्या ओळीची आठवण करून दिली. म्हटलं, सर स्वतःचा तक्ता दुरुस्त करायचे. तो म्हणाला, ‘ते सर होते. आपण कोण?’ आणि मग हळूच, ‘काकूंना काय सांगशील?’

म्हणून मी काकूंकडे गेले. त्या आता तुमच्या मुलाकडे, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये असतात. गुडघे दुखतात, पण मला बसवून चहा स्वतःच केला. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि मी सांगत होते ते सगळं ऐकून घेतलं. तक्ता म्हटल्यावर त्यांना हसू आलं.

‘ती वेणी माझी आहे, माहितेय का तुला?’ त्या म्हणाल्या. ‘रविवारी मला ओट्यापाशी वाकवून उभं केलं. वेणी पुढं घे, मान वाकडी कर. भाजी करपली माझी. मी म्हटलं, पोरीचं रडकं तोंड कशाला काढताय, तिला नीट काम करताना काढा ना. तर म्हणाले, नीट काम करणाऱ्याचे तक्ते आहेत की आधीचे.’

मी विचारलं, ‘काकू, मी तो उतरवला तर तुम्हाला वाईट वाटेल?’

‘त्या रात्री ते जेवले नव्हते,’ काकू म्हणाल्या. ‘तुझी वेणी जाता जाता राहिली त्या दिवशी. घाबरले होते गं ते. दुसरं काही नव्हतं त्यात.’ त्यांनी चहा गाळला, कप माझ्या हातात दिला. ‘उतरव. पण इथं आणू नकोस. फ्लॅटमध्ये जागा नाही.’

प्राचार्यानं पुस्तकाची छपाई थांबवली, पण अटीवर. आधी आपल्या वर्कशॉपपुरते तक्ते करायचे, त्याला पटले तर पुस्तकात. मी आमच्याच मुलामुलींचे फोटो घ्यायचं ठरवलं. कानस धरायला पेठची ती मुलगी उभी राहिली, पाटावर, आणि शेजारच्या बाकावर एक उंच मुलगा, पाटाशिवाय. दोघांची कोपरं आपापल्या व्हाईसच्या उंचीला. करवतीला एक मुलगी, छिन्नीला एक मुलगा. यात काही अडचण आली नाही, उलट रांग लागली. मग केसांचा तक्ता आला. मी एका मुलाला बोलावलं, ज्याचे केस सगळ्यांत लांब होते आणि तक्तेवाली हे नाव ज्यानं ठेवलं होतं तोच. मशीन बंद, प्लग काढलेला, फक्त केस चकशी धरून वाकून उभं राहायचं. तो पुढं आला, वाकला, आणि पुन्हा सरळ झाला.

‘मॅडम, माझाच फोटो का? कायम लागणार ना भिंतीवर? येईल तो हसेल मला.’

मला बोलायचं होतं, मी जीभ आवरली. पेठची मुलगी बाकापाशी उभी होती. ती तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, ‘नका काढू मॅडम त्याचा. त्याचं बी हात कापतील मग.’ तो मुलगा कानापर्यंत लाल झाला. त्यानं टोपी घातली, केस आत खोचले, आणि मशीनपासून बाजूला होऊन उभा राहिला. त्या दिवसानंतर ते नाव मी वर्कशॉपमध्ये ऐकलेलं नाही.

शेवटी आम्ही चेहराच काढला नाही. चक, त्याला गुंडाळलेली केसांची बट, एक तुटलेलं कडं आणि गळ्यातला दोरा. कुणाचे ते कळत नाही. शेजारी दुसरा फोटो, ती मुलगी आणि तो मुलगा दोघं टोप्यांत केस खोचताहेत, आणि तिसरा, ती भोक पाडते आहे, ब्रश हाताशी. तो तिसरा फोटो घेताना मशीन खरंच चालू होतं. तिनं आधी मला विचारलं, ‘चालू करू?’ मी मान हलवली. पहिलं भोक जरासं तिरकं गेलं. तिनं तुकडा काढून बघितला, बाजूला ठेवला आणि दुसरा लावला. अर्ज तिनं परत आणून दिला नाही. काही दिवसांनी मी विचारलं तेव्हा म्हणाली, कुठं ठेवला ते आठवत नाही.

सगळं मनासारखं झालेलं नाही, सर. पुस्तकात फायलिंग आणि ड्रिलिंगची पानं नवी आली. लेथ मशीनच्या प्रकरणात सगळे पुरुषच आहेत, कारण ते दुसऱ्या आयटीआयकडे होतं आणि तिथले निदेशक म्हणाले, एवढ्यासाठी कोण पुन्हा फोटो काढत बसणार. वेल्डिंगमध्ये एक मुलगी आहे, तीही दुसऱ्याच्या हातात इलेक्ट्रोड देताना. पुढच्या आवृत्तीच्या बैठकीला मी जाणार आहे. लेथचे फोटो मी आधीच काढून ठेवलेत, म्हणजे पुन्हा कोण काढणार हा प्रश्न उरणार नाही. प्राचार्य म्हणतो, तू फार चिवट झालीस. त्यालाही तुम्हीच शिकवलंय, त्याला कळायला हवं.

तुम्ही चुकलात असं मी वर्कशॉपमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. माझी वेणी पुढंही वाचावी म्हणून तुम्ही तो तक्ता रंगवला आणि ती वाचली. तुमच्या समोर एकच मुलगी होती. तिला जपलं की झालं, असं तुम्हाला वाटलं असणार. तिच्यामागून इतक्या जणी येतील आणि त्याच चित्राखाली उभ्या राहतील, हे त्या शेडमध्ये कुणाच्याच ध्यानात येण्यासारखं नव्हतं. आता त्या आल्या आहेत. त्यांना काय दाखवायचं, ते मला ठरवावं लागतंय, आणि मी ठरवते आहे.

हे काकूंना वाचून दाखवावं असं आधी मनात होतं. दाखवणार नाही. त्या विचारतील, तुम्ही असता तर काय म्हणाला असता, आणि त्याचं उत्तर मला येत नाही. मला दुसरंच एक उत्तर येतं. तुम्ही हयात असता, निवृत्तीनंतर अधूनमधून वर्कशॉपमध्ये चक्कर मारत असता आणि त्या तक्त्यापाशी घटकाभर थांबत असता, तर मी त्याला हात लावला नसता. त्या मुलीच्या अर्जावर सही केली असती, तिला शिवणाकडे जाऊ दिलं असतं, आणि मनाशी म्हटलं असतं की तिला मशीनची भीती वाटते.